मणक्याचं ऑपरेशन का कायरोप्रॅक्टिक? ठरवायच्या आधी हे बघा

आपल्याकडं कंबर धरली की आधी मालिश, मग पट्टा, आन तरी नाही राहिलं की एमआरआय. रिपोर्टात कंबरेतल्या एल-४ एल-५ मणक्यांना डिस्क बल्ज, म्हणजे मधली गादी फुगलेली, आलं की घरात एकच चर्चा सुरू, "मणक्यात गॅप पडलाय, ऑपरेशन लागतंय". तेवढ्यात एखादा भाचा मोबाईलवर कटकन पाठ मोडायचा व्हिडिओ दाखवतो, मामा हे कायरोप्रॅक्टिक करा, हातानं झटका देऊन मणका मोकळा करतेत, चिरफाड नाही काही नाही.

पहिले रिपोर्टाची भीती काढा. ज्यांचं काहीच दुखत नाही अशा लोकांचे एमआरआय बघितले तर पन्नाशीतल्या १०० पैकी साधारण ६० जणांत डिस्क बल्ज दिसतो. म्हणजे नुसत्या कागदावर ऑपरेशन ठरत नसतंय. दुखणं कुठं आहे त्यावर ठरतं.

नुसतीच कंबर दुखायली, पायात काही नाही, असं असेल तर ऑपरेशनचा विषयच सहसा नसतो, आणि कायरोप्रॅक्टिकचा जो काही फायदा आहे तो जास्त इथंच. अमेरिकेतल्या फिजिशियन लोकांच्या संघटनेनं २०१७ मध्ये सांगितलं की कंबरदुखीला गोळ्यांच्या आधी शेक, मालिश, व्यायाम आणि हातानं मणक्याची हालचाल करून देणं हे बघा. पण फायदा मध्यमच असतो, चमत्कार नाही. आणि तो कट् आवाज म्हणजे सरकलेलं हाड जागेवर बसलं असं नाही, सांध्यातल्या पाण्यात गॅसची पोकळी होते त्याचा तो आवाज.

कंबरेतून कळ निघून पोटरीपर्यंत जायली, मुंग्या येतात, म्हणजे नस दबली, खरी ओढाताण इथं आहे. बऱ्याच जणांचं हे दीड ते तीन महिन्यांत आपोआप कमी होतं, बाहेर आलेली गादी शरीर हळूहळू जिरवतं. २००७ मध्ये नेदरलँड्समधला एक अभ्यास छापून आला, दीड ते तीन महिन्यांपासून पाय दुखणारे २८३ पेशंट, अर्ध्यांचं लगेच ऑपरेशन आणि अर्ध्यांना थांबवलं. ऑपरेशनवाल्यांचं दुखणं लवकर थांबलं, पण वर्षाअखेर दोन्हीकडं साधारण ९५ टक्के लोक बरे. थांबलेल्यांपैकी ३९ टक्क्यांनी मात्र वर्षाच्या आत ऑपरेशन करून घेतलंच, हेही लक्षात घ्या. कॅनडात ४० पेशंटवर थेट कायरोप्रॅक्टिक आणि ऑपरेशन अशी तुलना झाली, त्यात कायरोप्रॅक्टिकवाल्यांपैकी ६० टक्क्यांना ऑपरेशनएवढाच आराम पडला. ४० जणांवरून लई मोठा निष्कर्ष काढता येत नाही, पण सगळं थोतांड आहे असंही म्हणता येत नाही.

आता तिसरी गोष्ट, इथं विचार करत बसायचंच नाही. लघवी अडकली किंवा कळेनाशी झाली, बसायची जागा बधिर पडली, पाऊल उचलता येईना, चप्पल पायातून निसटायली, तर कायरो नाही, फिजिओ नाही, मालिशवाला तर अजिबातच नाही. त्याच दिवशी संभाजीनगरचं घाटी, अंबाजोगाई, लातूर, नांदेड जे जवळ असेल ते मोठं हॉस्पिटल गाठा, कारण नस मेली की नंतर ऑपरेशन करूनही पूर्ण परत येत नाही.

धोके दोन्हीकडं आहेत. साध्या डिस्कच्या ऑपरेशनला चीर छोटी असते, बरेच जण एक-दोन दिवसांत घरी येतात, पण गादी परत बाहेर येऊ शकते, इन्फेक्शनची थोडी शक्यता असते, आणि रॉड-स्क्रू टाकायचं म्हणले तर ते प्रकरण वेगळं आणि मोठं, तिथं दुसऱ्या सर्जनचं मत घ्याच. कायरोप्रॅक्टिकमध्ये कंबरेला मोठी इजा क्वचितच होते, मानेला झटका देताना मात्र मेंदूला जाणारी रक्तवाहिनी फाटल्याची प्रकरणं आहेत, कमी आहेत पण आहेत, म्हणून मी तर मानेला हात लावू देणार नाही. आपल्याकडं अजून एक भानगड म्हणजे मणक्याचा टीबी. बारीक ताप, वजन उतरलेलं, रात्री जास्त दुखणं, असं असताना किंवा म्हातारपणी हाडं ठिसूळ झालेली असताना झटका दिला तर मणका मोडू शकतो. तपासणी न करता पाठीवर बसणाऱ्यापासून लांब राहा.

बरं, खरा कायरोप्रॅक्टर मिळणार कुठं? ही विद्या १८९५ ला अमेरिकेत निघाली, तिकडं त्याची रीतसर डिग्री आणि लायसन असतं, भारतात त्याचं वेगळं कौन्सिलच नाही. त्यामुळं व्हिडिओ बघून शिकलेला पण बोर्ड लावू शकतो. फिजिओथेरपी मात्र २०२१ च्या केंद्राच्या आरोग्य व्यावसायिकांच्या कायद्यात आहे, आणि चांगला फिजिओ हातानं मणका मोकळा पण करतो आणि व्यायाम पण शिकवतो. कायरोप्रॅक्टरसाठी पुण्या-हैदराबादला आठवड्याला चकरा मारण्यात ऊसतोडीवाल्याची मजुरी बुडते, गाडीतल्या हादऱ्यांनी कंबर परत तशीच. म्हणून माझं मत सरळ आहे, पायात ताकद शाबूत असेल तर जिल्ह्याच्या गावी फिजिओकडं दीड-दोन महिने मन लावून जा, परदेशातली डिग्री असलेला कायरोप्रॅक्टर जवळच असेल तर तोही चालेल.

तेवढ्यानं नाही भागलं आणि पायाची कळ झोपूच देईना तर ऑपरेशनला घाबरू नका, महात्मा फुले योजनेत आपली केस बसते का ते हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला आधीच विचारा, रेशन कार्ड आणि आधार सोबत न्या. आणि सर्जनला एवढंच विचारा, ऑपरेशननं पायाचं दुखणं थांबेल का कंबरेचं? कारण डिस्कच्या ऑपरेशनचा भरवसा पायाच्या कळेला जास्त आहे, कंबरेच्या दुखण्याला कमी.