‘१९४२ ची फोर्ड जीप’ आणि माझे ४,८७,५०० रुपये

हिशेब आधी मांडतो. टोकन ५१,००० यूपीआयवर, ३,७५,००० आरटीजीएसने, गाडी दारात उतरल्यावर ४०,००० रोख आणि कागद सरळ करायचे म्हणून मागाहून २१,५००. एकूण ४,८७,५०० रुपये. ते घेतलेला माणूस आजही मोकळा फिरतोय आणि त्याचं पुढचं गिऱ्हाईक बेळगाव, खानापूर, निपाणी ह्याच पट्ट्यातलं असणार, म्हणून लिहितोय.

शिनोळीची हद्द ओलांडली की चंदगड तालुक्यात त्याची शेड. तिथं ताडपत्रीखालची लो बॉनेट, म्हणजे बुटक्या बॉनेटची जुनी जीप दाखवली. १९४२ ची फोर्ड जीपीडब्ल्यू, महायुद्धातली, डाव्या हाताचं स्टिअरिंग, पुढच्या जाळीला नऊ खाचा. लो बॉनेटचं वेड असलेल्याला नऊ खाचांचा अर्थ सांगायला नको: युद्धातली अस्सल जीप. आपल्याकडं गावोगाव फिरलेल्या महिंद्राच्या सीजे-३बीला सातच असतात. त्यानं पाना घेऊन एक बोल्ट सोडवला आणि माझ्या तळहातावर ठेवला. डोक्यावर इंग्रजी एफ उठवलेला. फोर्ड आपल्या बोल्टांवर असा एफ उठवायची, हे खरंच आहे. ‘पावणं, मराठा सेंटरच्या लिलावातली गाडी हाय, चुलत्यानं घेतल्याली. असली दुसरी कुठं हाय ती दावा.’ बेळगावच्या माणसापुढं मराठा लाइट इन्फंट्रीचं नाव काढलं की तो पुढचं विचारत नाही. आमच्या घरातले दोघे पलटणीत होते, हे मी बोलण्याच्या ओघात सांगितलं आणि त्यानंतर हा लिलाव निघाला. विकणाऱ्याला आपल्या घरची माहिती देऊ नका.

आता ते आरसी बुक. जीर्ण, कडा कुरतडलेलं, प्लास्टिकच्या पिशवीत जपलेलं. पहिली नोंदणी १९५१, ठिकाण बेळगाव, वर गोल शिक्का म्हैसूर सरकारचा. १९५१ साली बेळगावात म्हैसूर सरकार आलं कुठून? १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत बेळगाव मुंबई राज्यात होतं. ही तारीख सीमाभागातल्या मराठी पोराला शाळेत जायच्या आधी पाठ होते, दरवर्षी त्या दिवशी आम्ही काळा दिवस पाळतो. आमच्या वडिलांनी त्यापायी लाठ्या खाल्ल्यात. आणि तो शिक्का माझ्या डोळ्यांसमोर होता, बोट ठेवून मी त्यातली अक्षरं वाचली होती! आठवलं की आजही अंगाचा तिळपापड होतो. पण वाचणाऱ्यानंही प्रामाणिकपणे विचार करावा. जुन्या बुकात मालक बदलल्याचे, कर भरल्याचे, नूतनीकरणाचे शिक्के एकावर एक पडलेले असतात. हा त्यातलाच नंतरचा एखादा, असं कुणालाही वाटलं असतं. शेजारी इंजिन धडधडत होतं आणि त्याचा एक गडी फोनवर ‘पुण्याच्या पार्टी’शी पाच लाखांचं बोलत उभा होता.

बुकातला नंबर ऑनलाइन दिसत नव्हता. त्याचं उत्तर तयार होतं: हातानं लिहिलेल्या जुन्या नोंदी वाहन पोर्टलवर चढलेल्या नसतात, बॅकलॉग एंट्री करून घेऊ. हे निम्मं खरं असतं, म्हणून तर गळी उतरतं. बॅकलॉग विकणाऱ्याला करू द्या, त्याच्याच खर्चानं, आणि नोंद दिसल्याशिवाय टोकनसुद्धा देऊ नका. मग विंटेज नंबरचं गाजर. केंद्राच्या २०२१ च्या नियमाप्रमाणे पन्नास वर्षांवरच्या गाडीला व्हीए मालिकेचा नंबर मिळतो, नव्या नोंदणीची फी २०,०००. त्यानं २१,५०० मागितले तेव्हा आकडा जुळला. गाडी मूळ रूपात हवी, मोठा फेरबदल चालत नाही, ही त्याच नियमातली अट मात्र त्यानं तोंडातून काढली नाही.

गाडी घरी आल्यावर बेळगावच्या उद्यमबागेतला एक जुना मिस्त्री तिच्याखाली सरपटत गेला आणि पुढच्या बंपरमागं त्यानं बॅटरी मारली. ‘साहेब, ह्यो आडवा पाइप बघा की वो. फोर्डला हितं पाइप नसतोय.’ विलीज एमबी म्हणजे विलीज कंपनीनं बनवलेली, फोर्डसारखीच दिसणारी युद्धातली जीप; तिच्या चेसिसचा पुढचा आडवा तुकडा गोल नळीचा असतो, फोर्डचा उलट्या यू आकाराचा. फोर्डचा नंबर चेसिसच्या डाव्या पट्टीवर वरच्या बाजूनं ठोकलेला असतो. इथं तो होता, पण भोवती ग्राइंडरचे ओरखडे आणि वर लाल प्रायमर. पत्रा नवा, जाळी नवी कापलेली. एफचे बोल्ट सुटे विकत मिळतात. शेडमध्ये मी वाकून पाहिलं होतं, तेव्हा नेमका तिथं चिखलाचा जाड थर होता, मुद्दाम थापलेला. फडकं आणि बॅटरी घेऊन जा. माती खरवडू देत नसेल तर उठून या.

आणि पोलीस! आमच्याकडच्या ठाण्यात म्हणाले, व्यवहार महाराष्ट्रात झाला, तिकडं जा. तिकडचे म्हणाले, गाडी कर्नाटकात, तुम्ही कर्नाटकात, पैसेही बेळगावच्या खात्यातून गेले, तिकडंच जा. इकडं मराठीतला अर्ज घेतला नाही, कन्नडमध्ये आणा म्हणाले. पैसे मोजून कन्नडमध्ये टाइप करून नेला, तर साहेब बंदोबस्ताला. साहेब भेटले तेव्हा म्हणे ‘ही दिवाणी बाब आहे, वकील गाठा.’ खोट्या शिक्क्याचं आरसी बुक ही दिवाणी बाब कशी होते? गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, ठाण्यानं तक्रार घेतली पाहिजे, असं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये स्वच्छ लिहिलंय. तो कागद पुढं केला तर ‘आम्हाला कायदा शिकवू नका’. दोन राज्यांचा हद्दीचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे, तो तिथं चालेल तसा चालू दे. पण चोराला ही हद्द कधी आडवी येत नाही, आणि लुबाडल्या गेलेल्या माणसाला मात्र दोन्हीकडून तिच्यावरच आपटवतात. आरटीओत तोंडी सांगितलं की जुन्या रजिस्टरात हा नंबर एका मालट्रकचा आहे. लेखी द्या म्हटलं तर ‘मूळ मालकाला घेऊन या’. शेवटी दहा रुपये भरून माहिती अधिकारात अर्ज टाकला.

ठाण्यानं हात झटकले तर तीच तक्रार रजिस्टर पोस्टानं पोलीस अधीक्षकांना पाठवा, पोचपावती जपा. तिथंही हालचाल झाली नाही तर मॅजिस्ट्रेटकडे जाता येतं. माझी तक्रार अधीक्षकांकडे गेलीय. तो माणूस सध्या एक जावा २५० मोटरसायकल दाखवतोय, १९६१ ला म्हैसूरचा कारखाना सुरू व्हायच्या आधीची, थेट चेकोस्लोव्हाकियातून आलेली म्हणून. खानापूरच्या पोरांनी फोटो पाठवले. तीच शेड, तीच ताडपत्री. त्याला टोकन दिलं असेल तर मेसेज पुसू नका, बँकेचा उतारा काढून ठेवा आणि माझ्या तक्रारीवर सही करायला या.