मोझेलची रीसलिंग: २०१८ घ्यावी की २०२१?

जर्मनीतल्या दुकानात मोझेल नदीच्या खोऱ्यातल्या रीसलिंगची, म्हणजे त्याच नावाच्या द्राक्षाच्या पांढऱ्या वाइनची, ही दोन सालं शेजारी-शेजारी दिसली आणि तुम्ही घुटमळलात, तर दुकानदार बहुतेक वेळा २०१८ पुढे करतो. ‘मोठं साल’ म्हणतो. त्याचं काही चुकत नाही. मी दोन्ही घेतली आहेत, इथे प्यायलोय, पुण्याला घरीही नेली आहेत. हल्ली मात्र माझा हात २०२१ कडे जातो. का, ते सांगतो. पटलं तर बघा.

२०१८ ला एप्रिलपासून जे ऊन लागलं ते ऑक्टोबरपर्यंत हटलंच नाही. १८८१ पासूनच्या नोंदींत ते जर्मनीचं तोवरचं सगळ्यात उष्ण वर्ष. ऑक्टोबरात काउब गावी ऱ्हाइन नदीची पातळी मापकावर २५ सेंटिमीटरपर्यंत उतरली होती आणि मालवाहू जहाजं निम्माही माल न भरता चालली होती. कोवळ्या वेलींनी पाण्याविना माना टाकल्या, पण जुन्या वेलींची मुळं स्लेट खडकाच्या कपारींत खोल गेलेली असतात, त्या तगल्या. रोग नाही, कूज नाही, तोडणी वेळेच्या बरीच आधी. २०१७ च्या एप्रिलमध्ये गारठ्याने फुटवे जाळले होते आणि देशभरात मिळून ७५ कोटी लिटरच्या आसपास वाइन झाली होती. २०१८ ला ती १०० कोटींच्या वर गेली. ‘मोठं साल’ या कौतुकात बागायतदाराचा हा सुटकेचा निःश्वासही मिसळलेला आहे, एवढं लक्षात ठेवा.

आता पेल्यातलं. रीसलिंग उभी राहते ती आंबटपणावर. मण्यात साखर भरत असताना त्यातलं मॅलिक आम्ल वेल स्वतःच खर्च करत असते, आणि दिवसाबरोबर रात्रही उबदार असली की जास्तच वेगाने. टार्टारिक तेवढं टिकून राहतं. त्यामुळे २०१८ गोल, मऊ, जर्दाळू-पीचच्या अंगाने जाणारी. ज्यांना आंबट सोसत नाही, पित्ताचा त्रास आहे, किंवा जे पहिल्यांदाच रीसलिंग पिणार आहेत, त्यांना ती लगेच आवडते. माझ्या घरी आलेल्या बहुतेक पाहुण्यांनी हीच पसंत केली, हे कबूल केलंच पाहिजे.

काबिनेट, म्हणजे पिकलेपणानुसार लावलेल्या प्रतींतली सगळ्यात हलकी, घेणार असाल तर मात्र एक गोम आहे. मोझेलला काबिनेटसाठी रसात किमान ७० ओक्स्ले (रसातली साखर मोजायचं जर्मन माप) साखर लागते. वरची मर्यादा कायद्यात नाहीच. २०१८ ला रस ती पातळी सहज ओलांडून गेला. म्हणून त्या सालच्या कितीतरी बाटल्या लेबलावर काबिनेट आणि आत श्पेटलेझ, म्हणजे जास्त पिकलेल्या द्राक्षांची वरची प्रत, आहेत. भारी वाइन हवी असेल त्याला फायदा. हलकीफुलकी, ८ टक्क्यांच्या आसपासची काबिनेट हवी असेल त्याची निराशा.

२०२१ ची सगळी तऱ्हा उलटी. ४० वर्षांतला सगळ्यात थंड एप्रिल. डोळे उशिरा फुटले, त्यामुळे मोझेलला गारठ्यात सापडले ते कमी, हेच नशीब. मग जून-जुलैचा पाऊस. १४ जुलैच्या रात्री उत्तरेकडच्या आर खोऱ्यात पूर आला आणि १३० हून अधिक माणसं गेली; या सालाबद्दल बोलताना ते वगळणं मला जमत नाही. मोझेलच्या बागांवर आली ती डाऊनी, म्हणजे केवडा हा बुरशीचा रोग. नाशिक-सांगलीकडच्या द्राक्षवाल्याला हे वेगळं सांगायला नको: ऑक्टोबर छाटणीनंतर अवकाळी पाऊस लागला की फवारणीची जी धावपळ होते, तीच इथे ऐन उन्हाळ्यात झाली. फरक इतकाच की इथल्या उभ्या चढांवर ट्रॅक्टर चढत नाही. सेंद्रिय बागांची तर फारच अडचण. त्यांची भिस्त तांब्याच्या औषधांवर, आणि पाऊस ती धुऊन नेतो. ज्यांनी हाताने पानं काढून घड मोकळे केले, वारा खेळू दिला, खराब घड वेळीच तोडून टाकले, त्यांचा माल वाचला. तोडणी ऑक्टोबरात लांबली. साखर बेताची, आंबटपणा भरपूर.

म्हणजे २०२१ मध्ये बागायतदार कोण, हे बघूनच घ्यावं लागतं. अजिबात गोडवा नसलेली, म्हणजे ट्रोकन, स्वस्तातली बाटली या सालची घेतलीत तर दात आंबतील. पण चांगल्या हातची काबिनेट घ्या. थोडी साखर, तिला पेलणारा आंबटपणा, हिरवं सफरचंद, लिंबाची साल आणि अल्कोहोल कमी. तिखटाबरोबर हे फार बरं जमतं. सुरमईचं कालवण आणि १३ टक्क्यांची ट्रोकन एकदा एकत्र घेऊन बघा, जीभ पेटते.

तरीही माझा निर्णय यातल्या कशानेच झाला नाही. तो झाला वासाने.

रीसलिंग मुरली की तिला रॉकेलचा वास येतो. द्राक्षातल्या कॅरोटिनॉइड रंगद्रव्यांपासून पुढे बाटलीत टीडीएन नावाचं संयुग तयार होतं, त्याचा हा वास. घडांवर ऊन जितकं थेट पडलं असेल तितका त्याचा कच्चा माल जास्त, आणि बाटली जितकी गरम जागी ठेवाल तितका तो वास लवकर वर येतो. पंधरा-वीस वर्षं मुरलेल्या बाटलीत मधासोबत त्याची एक झुळूक आली तर जाणकार खूश होतात. मीही होतो. पण २०१८ च्या माझ्या बाटल्यांत तो फार लवकर आला. कॉर्क काढल्या-काढल्या वातीच्या स्टोव्हवर पेटवण्याआधी जो वास येतो, अगदी तोच, फळ त्याच्यामागे. पेला हलवला, वाट पाहिली, थोडा कमी झाला, पण दुसऱ्या घोटाला नाक पुन्हा तेच शोधत होतं. पुण्याला कपाटात एक उन्हाळा काढलेली बाटली तर मी शेवटी एकट्यानेच संपवली, पाहुण्यांपुढे ठेवायचा धीर झाला नाही. ज्यांच्या लहानपणी रेशनच्या रॉकेलचा डबा स्वयंपाकघरात असे, त्यांचं नाक याबाबतीत जरा जास्तच हळवं असावं. तुम्हाला कदाचित जाणवणारही नाही. माझ्या एका जर्मन शेजाऱ्याला तर तो वास आवडतो.

२०२१ ला हा वास कधीच येणार नाही असं नाही. पण आजवर माझ्या पेल्यात तो आलेला नाही. भारतात न्यायची असेल तर हाच मुद्दा मला सगळ्यात मोठा वाटतो. विमानतळावर माणशी २ लिटरची सवलत, म्हणजे पाऊण लिटरच्या दोनच बाटल्या, आणि पोचल्यावर त्यांच्या नशिबी एप्रिल-मेचं कपाट.

२०१८ च घ्यायची ठरली असेल तर मोझेलच्या मुख्य खोऱ्याऐवजी झार किंवा रुवरची घ्या. त्या बाजूच्या खोऱ्यांत वारा गार, रात्री थंड. इतर सालांत द्राक्षं पिकायला तिथे झगडावं लागतं, तेच त्या वर्षी पथ्यावर पडलं. ट्रोकनच हवी असेल तरीही २०१८ बरी. आणि लाल हवी असेल तर माझा वरचा सगळा हिशेब बाजूला ठेवा: श्पेटबुर्गुंडर (म्हणजे पिनो न्वार) २०१८ ची घ्या, २०२१ ची माझ्या जिभेला फिकी लागली.