पाइपलाइनची भरपाई 'काढून देणारा' माणूस

दौंड तालुक्यातल्या आमच्या आजोळच्या जमिनीतून गॅसची पाइपलाइन गेली. लाइन गेल्याबद्दल तक्रार नाही. हा पट्टा पाइपलाइनला नवखा नाही. मुंबईहून लोणी काळभोर आणि तिथून सोलापूरजवळच्या पाकणीपर्यंत तेलाची लाइन कधीच गेली आहे, तिच्यावर पिकं घेणारे लोक आजूबाजूला आहेत. तक्रार आहे ती कंपनी आणि शेतकरी यांच्या मधोमध उगवलेल्या एका माणसाबद्दल. त्याचं नाव देत नाही, कारण प्रकरण चालू आहे. शिवाय नाव बदलून असा माणूस प्रत्येक प्रकल्पाच्या मागे फिरत असतोच. त्याची पद्धत मात्र सविस्तर लिहिते. जिल्ह्यात रिंगरोड, कालवे, गॅस, टॉवर लाइन असं काही ना काही सुरूच असतं आणि पद्धत सगळीकडे थोड्याफार फरकाने हीच असते.

सातबाऱ्यावर आजोबांनंतर मामा आणि आई अशी दोन नावं लागली. जमीन मामा कसतात. आई आमच्याकडे हडपसरला असते. हा माणूस पहिल्यांदा मामांकडे गेला तो गळ्यात ओळखपत्र अडकवून, पांढऱ्या जीपमधून. ओळखपत्र कसलं होतं ते कुणी वाचलं नाही, आणि गावात वाचतही नाहीत. तो कंपनीचा नोकर नव्हता, ठेकेदाराचाही नव्हता. ठेकेदाराला जागा मोकळी करून देण्याचे पैसे घेणारा आणि शेतकऱ्याला भरपाई मिळवून देण्याचेही पैसे घेणारा, असा दोन्हीकडून खाणारा होता. हे आम्हाला फार उशिरा कळलं.

त्याने आधी भीती घातली. "आण्णा, जमीन सरकारजमा होतेय. आडवे आलात तर मावळात काय झालं ते माहीत आहे ना?" ९ ऑगस्ट २०११ ला मावळात बऊरजवळ पवना धरणाच्या बंद जलवाहिनीविरोधात आंदोलन झालं, पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकरी गेले. पुणे जिल्ह्यातल्या कुठल्याही शेतकऱ्याला पाइपलाइन म्हटलं की ते आठवतंच. त्या माणसाला हे नेमकं ठाऊक होतं. तीन शेतकऱ्यांच्या मरणाचा असा वापर करणाऱ्याला काय म्हणावं हे मला अजून सुचलेलं नाही.

मुळात दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही. तेल आणि गॅसच्या लाइनसाठी केंद्राचा १९६२ चा पेट्रोलियम आणि खनिज पाइपलाइन कायदा लागतो. त्यात जमीन जातच नाही. मालकी आपली, सातबारा आपला. जातो तो फक्त जमिनीखालून नळी नेण्याचा आणि देखभालीसाठी यायचा हक्क, ज्याला सगळे 'आरओयू' (राइट ऑफ यूजर) म्हणतात. सातबाऱ्यावर 'इतर हक्क' या रकान्यात तशी नोंद होते. जमीन सरकारजमा होणार हे वाक्य साफ खोटं होतं, आणि त्या एका खोट्यावर पुढचं सगळं उभं राहिलं.

भीती घालून झाल्यावर त्याने उपकाराला सुरुवात केली. मी ओळख लावतो, तुम्हाला जमिनीच्या किमतीच्या दहा टक्के मिळवून देतो, वर झाडांचे आणि उसाचे वेगळे काढून देतो. मामांना वाटलं, माणूस कामाचा आहे. आता कायद्याचं कलम १० पाहा. वापर हक्कापोटी बाजारभावाच्या दहा टक्के रक्कम द्यायचीच आहे. भाव धरायचा तो कलम ३ ची, म्हणजे लाइन टाकण्याचा इरादा जाहीर करणारी, पहिली अधिसूचना निघाली त्या तारखेचा. पीक, झाडं, इतर मालमत्ता किंवा उत्पन्नाचं नुकसान याची भरपाई त्याशिवाय वेगळी. म्हणजे १९६२ पासून जे कायद्यात लिहून ठेवलंय तेच हा माणूस स्वतःची करामत म्हणून विकत होता, पस्तीस टक्क्यांना.

पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर करारनामा झाला, नोटरीही झाली. मिळणाऱ्या एकूण रकमेच्या पस्तीस टक्के 'सल्ला व पाठपुरावा शुल्क'. सोबत मामांच्या सहीचे दोन कोरे चेक, कारण "सिक्युरिटी लागते, आण्णा, ऑफिसचा नियम आहे". कुठल्या ऑफिसचा ते त्याने सांगितलं नाही.

पण पस्तीस टक्क्यांपेक्षा मोठं नुकसान त्याने दुसऱ्याच गोष्टीत केलं. कलम ३ ची अधिसूचना निघून तिच्या प्रती गावात उपलब्ध झाल्या की हरकत घ्यायला २१ दिवस मिळतात. लेखी हरकत सक्षम प्राधिकाऱ्याकडे द्यायची असते. हा बहुतेक वेळा महसूल खात्यातून प्रतिनियुक्तीवर आलेला अधिकारी असतो. त्याला सुनावणी द्यावीच लागते, आपण वकील घेऊन जाऊ शकतो. लाइन रद्द होईल अशी आशा धरू नये. पण ती शेताच्या मधून न नेता बांधाच्या कडेने न्या, असं कारणांसकट मांडण्याची तीच जागा आणि तीच वेळ. आमच्या शेतात हे फार गरजेचं होतं, कारण मामांनी शेततळ्यासाठी राखून ठेवलेली जागा नेमकी लाइनसाठी आखलेल्या पट्ट्यात येत होती. दलालाने सांगितलं, "हरकत दिली की फाईल बाजूला पडते, पैसे दोन-दोन वर्षं अडकतात. लाइन मी साहेबांना सांगून वळवून घेतो." एकवीस दिवस गेले. लाइन आखल्या जागेवरून इंचभर हलली नाही. पुढे कळलं की पलीकडच्या गटातल्या एकाकडूनही त्याने लाइन वळवण्याचे पैसे घेतले होते, आणि त्याला सांगितलं होतं आमच्या बाजूला वळवतो म्हणून!

शेततळ्याबद्दल मामांनी विचारलं तेव्हा उत्तर मिळालं, "लाइन पुरली की वर काहीही करा, घर बांधा." कलम ९ याच्या अगदी उलट आहे. त्या पट्ट्यात बांधकाम करता येत नाही, विहीर किंवा तळं खोदता येत नाही, झाड लावता येत नाही. नळी किमान एक मीटर खोल असते, त्यामुळे ऊस, कांदा, गहू, चारा यांना अडचण नाही. डाळिंबाची ओळ मात्र तिथे पुन्हा लावता येणार नाही. म्हणून झाडांची भरपाई मागताना त्या जागेवरची बाग कायमची गेली हे धरूनच मागायला हवं. हे कुणी मामांना सांगितलं नाही, आणि सांगणाऱ्याला सांगायचंही नव्हतं.

पंचनाम्याच्या दिवशी तो सगळ्यात पुढे. ठेकेदाराला जेसीबी लवकर शेतात घालायचा होता आणि याला त्याबद्दल वेगळे मिळणार होते. त्यामुळे तासाभरात सगळं उरकलं. फळावर आलेली डाळिंबं कागदावर दोन वर्षांची रोपं झाली. ठिबकच्या नळ्यांचा उल्लेख नाही, विहिरीकडून येणाऱ्या पुरलेल्या पीव्हीसी पाइपाचाही नाही. "सही करा, आकडे आपण वरून वाढवून घेऊ." पंचनाम्यात नसलेली वस्तू नंतर वरून कुणीही वाढवत नाही. भरपाईचा सगळा हिशोब त्याच कागदावर चालतो. मला विचाराल तर या सगळ्या प्रकरणात ज्या एका दिवसासाठी घरातल्या शिकलेल्या माणसाने रजा काढून गावी जावं, तो दिवस पंचनाम्याचा. झाडं मोजून, प्रत्येक ओळीचा फोटो काढून, ठिबकची बिलं हातात घेऊन उभं राहावं. कृषी खात्याच्या माणसाकडून झाडांचं वय लिहून घ्यावं, आणि पटलं नाही तर सहीखाली 'झाडांचे वय व ठिबकची नोंद मान्य नाही' असं स्वतःच्या अक्षरात लिहावं.

मग आईची सही घ्यायला तो हडपसरला आमच्या घरी आला. तिथे त्याचं गाडं अडलं, कारण संमतीपत्र मी वाचायला घेतलं. दुसऱ्या पानावर एक वाक्य होतं: 'मिळालेली रक्कम मला पूर्णपणे मान्य असून यापुढे भरपाईबाबत कोणत्याही न्यायालयात वा कार्यालयात दाद मागणार नाही.' रक्कम अजून ठरलेलीच नव्हती. मी विचारलं, हा नमुना कुणाचा? तो म्हणाला, "ताई, सगळ्यांनी केलंय, आण्णांनीही केलंय." आईने चहा दिला, सही दिली नाही. तो जाताना बराच गोड बोलून गेला. दोन दिवसांनी मात्र फोनवर आवाज वेगळा होता: सही नसेल तर तुमच्या आईचा हिस्सा कोर्टात जमा होईल, मग बसा वीस वर्षं.

आम्ही काय केलं ते एवढंच. आईचं आधार, सातबारा, फेरफार, पासबुकाची प्रत आणि एक साधा अर्ज सक्षम प्राधिकाऱ्याच्या कार्यालयात जाऊन दिला, पोच घेतली. अर्जात लिहिलं की भरपाई थेट खात्यात जमा करावी, कुणालाही मुखत्यारपत्र दिलेलं नाही. बाकी काही नाही, ओळख नाही, कुणाला काही द्यावं लागलं नाही.

आता हिशोब. पट्टा वीस मीटर रुंद, आमच्या शेतातली लांबी एकशे वीस मीटर, म्हणजे २,४०० चौरस मीटर, सातबाऱ्याच्या भाषेत ०-२४-००, ढोबळमानाने चोवीस गुंठे. दर धरला गुंठ्याला ८०,०००. एकूण १९,२०,०००, त्याचे दहा टक्के १,९२,०००. दोन हिस्से, प्रत्येकी ९६,०००. आईच्या खात्यात ९६,००० आले. मामांनाही जमिनीपोटी तेवढेच आले. एकच गट, एकच दर, दलाल असलेला आणि दलाल नसलेला. झाडं आणि ऊस मामांचे, त्याचे ३,४८,००० धरून मामांचे झाले ४,४४,०००. पैसे जमा झाल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बँकेत पहिला चेक लागला: १,५५,४००. बरोबर पस्तीस टक्के. मामांना स्वतःच्या खात्यात पैसे आल्याचं त्या माणसाच्या फोनवरून कळलं.

त्यानंतर आठवड्याभरात 'साहेबांचं बाकी आहे' म्हणून त्याने दुसरा चेक भरायची भाषा केली. आम्ही बँकेत लेखी देऊन तो थांबवला, सोबत चेक कोरा दिला होता आणि कसलंही देणं नाही असं त्याला वकिलामार्फत कळवलं. त्याने चेक न वटल्याबद्दलच्या कलम १३८ची धमकी दिली. चेक परत गेल्याची केस लढवायची तर मुळात कायदेशीर देणं असावं लागतं, हे वकिलांनी मामांना तीनदा समजावलं, तरी मामा त्या रात्री झोपले नाहीत. आमच्या घरात कोर्टाची पायरी हा शब्दच मोठा आहे.

पोलिसांनी आधी 'हे दिवाणी आहे' म्हणून परत पाठवलं. करारनामा, संमतीपत्र, पासबुकाची नोंद आणि पलीकडच्या गटवाल्याचा जबाब असं एकत्र दिल्यावर अर्ज घेतला. भारतीय न्याय संहितेतलं फसवणुकीचं कलम ३१८ आहे. गुन्हा दाखल होतो का ते चौकशीवर. दरम्यान माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज करून पंचनामा आणि भरपाईचा तक्ता मिळवला. गटागटांचे दर शेजारी शेजारी पाहिले की 'वाढवून घेतले' या शब्दाची किंमत कळते. त्याच्या नऊ-दहा गिऱ्हाइकांना आणि बाकीच्यांना एकच दर होता.

ठरवलेली भरपाई मान्य नसेल तर जिल्हा न्यायाधीशांकडे अर्ज करता येतो, आपल्याकडे म्हणजे शिवाजीनगरला. डाळिंबाचं वय आणि ठिबक यांसाठी मामांचा तसा अर्ज तयार झालाय. संमतीपत्रातलं ते 'दाद मागणार नाही' समोरचे काढणारच, त्यावर वकील काम करताहेत. दराबद्दल म्हणाल तर रेडीरेकनरवर, म्हणजे सरकारी दरतक्त्यावर, थांबू नका. अधिसूचनेच्या आधीच्या काळातली शेजारच्या गटांची खरेदीखतं नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर सापडतात, इंडेक्स टू (खरेदीखताच्या नोंदणीचा उतारा) काढून जोडता येतो. आमच्या गावात ८०,००० धरले गेले ते दोघा शेतकऱ्यांनी अशी खतं जोडल्यामुळे. त्यांनी त्यासाठी कुणाला एक रुपयाही मागितला नाही.

एक कागद अजून बाकी आहे. काम संपल्यावर 'जमीन पूर्ववत केली' असं लिहून घेतात. तोही कोरा सही करून मागितला होता, सुदैवाने मामांकडे फॉर्म त्या दिवशी पोचला नाही. आमच्या शेतात यंत्रं आखलेल्या वीस मीटरच्या बाहेर बरीच फिरली, मुरूम वर आला आणि काळी माती खाली गेली. ठेकेदाराचा सुपरवायझर सहीसाठी येऊन गेला. मामांनी त्याला आधी बांध घालायला, पट्ट्याबाहेरच्या उसाचा वेगळा पंचनामा करायला आणि मातीचे ट्रॅक्टर आणायला सांगितलंय. दोन ट्रॅक्टर आले. मामांच्या अंदाजाने अजून पंधरा तरी लागतील, तोवर कागद त्यांच्या ट्रंकेत आहे.