‘हे त्याला चालणार नाही’ म्हणत बदललेले पार्ट: भाच्याच्या पहिल्या गेमिंग पीसीची फसवणूक

पहिल्यांदाच गेमिंग पीसी जुळवणाऱ्या मुलांच्या मनात एकच मोठी धास्ती असते: पार्ट एकमेकांना जुळले नाहीत तर? प्रोसेसर मदरबोर्डवर चालला नाही, एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) कमी पडला, तर हजारो रुपयांचा माल घरात पडून राहणार. माझ्या भाच्याला पुण्यातल्या एका दुकानदाराने याच धास्तीवर लुटलं. बंद पडलेला माल त्याने दिला नाही. एकेका पार्टवर बोट ठेवून ‘हे त्याला चालणार नाही’ म्हणत त्याने पोराची चांगली यादी मोडली, तिथे पडून राहिलेला माल बसवला आणि पैसे जवळपास आधीच्याच यादीचे घेतले. प्रकरण अजून चालू आहे म्हणून दुकानाचं नाव लिहीत नाही. पण ही पद्धत सगळ्यांना कळायला हवी.

भाच्याने यादी नीट अभ्यास करून केली होती. रायझन ५ ५६०० प्रोसेसर, बी५५० चिपसेटचा मदरबोर्ड, ८ जीबीच्या दोन डीडीआर४ रॅम स्टिक, आरएक्स ६६०० ग्राफिक्स कार्ड, नावाजलेल्या कंपनीचा ५५० वॅटचा एसएमपीएस. दुकानदाराने व्हॉट्सअ‍ॅपवर याच यादीचं ५८,००० रुपयांचं कोटेशन पाठवलं. भाचा आणि दाजी मिरजेहून पुण्याला गेले, तेव्हा काउंटरवर सूर बदलला.

सुरुवात मदरबोर्डापासून झाली. “बी५५० वर ५६०० चालू होत नाही, बायोस अपडेट लागतं. त्यापेक्षा हा ए३२० घ्या, टेस्टेड आहे.” बायोस म्हणजे मदरबोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर. दुकानदाराच्या बोलण्यात अर्धं सत्य आहे आणि म्हणूनच ते घातक आहे. ५६०० हा प्रोसेसर २०२२ मध्ये आला. बी५५० बोर्ड २०२० पासून बाजारात आहेत, त्यामुळे सुरुवातीच्या एखाद्या बोर्डाला अपडेट लागू शकतं. पण ए३२० त्याहूनही जुना. त्याला तर या प्रोसेसरसाठी २०२२ च्या आसपासचं नवं बायोस टाकल्याशिवाय गत्यंतरच नाही. ज्या अपडेटची भीती घातली, तेच दुकानदाराने स्वतःच्या टेबलावर ए३२० मध्ये टाकून दिलं. बी५५० मध्ये टाकायला त्याला काय अडचण होती?

मग ग्राफिक्स कार्ड. “आता बोर्ड पीसीआय एक्सप्रेस ३ चा झाला, ६६०० पडलं ४ चं. मॅच होणार नाही. शिवाय त्याला ७५० वॅट लागतील.” दोन्ही गोष्टी धादांत खोट्या आहेत. पीसीआय एक्सप्रेस म्हणजे ग्राफिक्स कार्ड बोर्डाला जोडायची पद्धत; तिची नवी कार्डं जुन्या स्लॉटमध्ये चालतात, फार तर वेग थोडा कमी होतो. आणि ६६०० ची गरज १३२ वॅटची आहे. एएमडी स्वतः त्यासाठी ४५० वॅटचा एसएमपीएस पुरेसा सांगते. त्याऐवजी दिलं काय, तर ‘आरएक्स ५८० ८ जीबी’. ५८० ची अधिकृत गरज १८५ वॅट आहे. जास्त वीज लागते म्हणून एक कार्ड नाकारलं आणि त्याहून जास्त वीज लागणारं कार्ड विकलं. काउंटरवर उभ्या असलेल्या अठरा वर्षांच्या पोराला हे दोन आकडे पाठ नसतात, आणि दुकानदाराला ते माहीत असतं.

रॅमचंही तेच. “दोन स्टिक भांडतात, १६ ची एकच घ्या.” एकसारख्या दोन स्टिक योग्य स्लॉटमध्ये लावल्या की ड्युअल चॅनल चालतं, म्हणजे दोन्ही स्टिक एकाच वेळी वापरल्या जातात, आणि गेममध्ये त्याचा फरक दिसतो. एकाच स्टिकवर तो फायदा जातो.

घरी आल्यावर मशीन चालू झालं, विंडोज आलं, सगळे खूश. गेम लावला की मात्र थोड्या वेळात पीसी आपोआप रीस्टार्ट व्हायचा. दुकानदार फोनवर म्हणाला, तुमच्याकडची लाइट खराब आहे. मी सांगलीत एका कारखान्यात इलेक्ट्रिकल देखभालीचं काम करतो. बहिणीने बोलावलं तेव्हा कॅबिनेट उघडून मी आधी दुकानदाराने बदलून दिलेल्या एसएमपीएसचं लेबल वाचलं, आणि मला संताप आला.

हे लेबल वाचायला प्रत्येकाने शिकावं. वर मोठ्या अक्षरात ७५० वॅट. खाली बारीक अक्षरांच्या तक्त्यात १२ व्होल्टच्या रकान्यात १८ अँपिअर. बारा गुणिले अठरा म्हणजे २१६ वॅट. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड आपली वीज १२ व्होल्टच्याच लाइनीतून घेतात, त्यामुळे गेमिंग पीसीसाठी कामाचा आकडा तोच. ५५० वॅटच्या चांगल्या एसएमपीएसवर या रकान्यात साधारण ४० किंवा त्याहून जास्त अँपिअर असतात. या डब्यावर ८० प्लसचं (वीज कमी वाया जाते याच्या प्रमाणपत्राचं) चिन्ह नव्हतं आणि ग्राफिक्स कार्डाची ८ पिनची वायर जोडणी करून काढलेली होती. अशा डब्यावर तासन्‌तास लोड टाकला तर उरलेले पार्टही जळू शकतात. मुलं रात्री दार लावून खेळत बसतात, मला त्याचीच जास्त भीती वाटली.

नंतर भाच्याने जीपीयू-झेड हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर टाकलं. त्यात शेडर्सच्या (चित्राचा हिशेब करणाऱ्या छोट्या युनिटांच्या) रकान्यात २०४८ दिसले. खऱ्या ५८० मध्ये ते २३०४ असतात. २०४८ वालं कार्ड नकली नाही, एएमडीनेच ते २०१८ मध्ये चीनच्या बाजारासाठी काढलं. पण कुवतीने ते आरएक्स ५७० च आहे, आणि तसं सांगून विकायला हवं. याहून वाईट प्रकारही चालतात. जीटीएस ४५० सारख्या जुन्या कार्डाचं बायोस बदलून ते जीटीएक्स १०५० टीआय म्हणून खपवतात. त्यातली बरीच कार्डं जीपीयू-झेड ओळखतं आणि नावाआधी ‘फेक’ असं दाखवतं. पैसे देण्याआधी दुकानातच हे सॉफ्टवेअर चालवून दाखवायला सांगा. जो तयार होणार नाही, त्याच्याकडून कार्ड घेऊ नका.

बिलाचं म्हणाल तर दाजींच्या हातात कच्ची चिठ्ठी दिली होती. पक्कं हवं असेल तर १८ टक्के वर द्या, असं सांगितलं गेलं. चिठ्ठीवर एकाही पार्टचा सीरियल नंबर नाही, खाली शिक्का मात्र होता: विकलेला माल परत घेतला जाणार नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ वाचला तर बिल न देणं आणि सदोष माल परत घ्यायला नकार देणं, दोन्ही अनुचित व्यापारी प्रथेत मोडतात. असा शिक्का पाहून गप्प बसू नका.

आमच्या उपयोगी पडलं ते व्हॉट्सअ‍ॅपवरचं मूळ कोटेशन, यूपीआयने केलेलं पेमेंट आणि कॅबिनेट उघडताना काढलेले फोटो. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. त्यानंतर दुकानदार निम्म्या किमतीत कार्ड परत घ्यायला तयार झाला. आम्ही नाही म्हटलं. एसएमपीएस मात्र त्याच आठवड्यात नवा आणला, कारण तो डबा घरात चालू ठेवणं धोक्याचं होतं. जुना पुरावा म्हणून पिशवीत बांधून ठेवलाय.

आता तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात दाखल केली आहे. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी लागत नाही आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांपर्यंत ती करता येते. नव्या कायद्यानुसार तक्रारदार जिथे राहतो त्या जिल्ह्यातही ती करता येते, म्हणून खरेदी पुण्याची असली तरी आम्ही ती सांगलीत केली. दाजींना हे आधी पटत नव्हतं. पुण्याला खेटे घालण्यापेक्षा पैसे गेले असं समजू, म्हणत होते.