पणजीतलं ट्रायथलॉन कोचिंग: चाचणी चोख, समुद्राचा हिशेब कच्चा

मिरामारच्या ‘७०.३’ ट्रायथलॉन स्पर्धेसाठी (१.९ किमी पोहणं, ९० सायकल, २१.१ धावणं) पणजीतल्या या कोचिंगचा १६ आठवड्यांचा आराखडा घेण्याजोगा आहे. आधी चाचणी, मग ध्येय. ४०० आणि २०० मीटर जोर लावून पोहायचं. दोन वेळांतला फरक निम्मा केला की १०० मीटरची टिकणारी गती मिळते. १० मिनिटं आणि ४:४० आली तर २:४०, म्हणजे १.९ किमीला साधारण ५१ मिनिटं. ४० मिनिटांचं स्वप्न तिथेच बाजूला पडतं. बरंच झालं!

पण हा आकडा पूलमधला. समुद्रात भिंतीला पाय मारून मिळणारा वेग नाही, शिवाय मार्ग दाखवणारे तरंगते बोया शोधायला सारखी मान वर काढावी लागते. पावसाळ्यात समुद्रात उतरता येत नाही, म्हणजे त्याचा सरावही नाही. निदान १० टक्के वेळ जास्त धरायला हवा. आराखड्यात तो नाहीच. धावण्याचं लक्ष्यही पावसाळी पहाटेच्या वेळेवरून काढतात. स्पर्धेच्या वेळच्या, पाऊस सरल्यावरच्या दमट उन्हात ते कोसळतं, म्हणून किलोमीटरमागे २०-३० सेकंद जास्त धरा.

खाण्याचा भाग मात्र उत्तम: सायकलवर तासाला ६० ग्रॅम कार्ब्ज, आणि पोटाला त्याची सवय लांब राइड्समध्येच लावायची.