हळद की रताळे : तण पाहून करायची निवड

नागपूर परिसरातील ओलिताच्या काळ्या जमिनीत कंदपीक घ्यायचे ठरले, पण हळद लावावी की रताळे हे ठरत नसेल, तर बाजारभावाच्या आधी वावरात कोणते तण आहे हे पाहावे, असे माझे ठाम मत आहे. शेजारच्या वर्धा जिल्ह्यातील वायगाव हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले असल्याने अनेकांचा ओढा हळदीकडे असतो आणि तो योग्यही आहे. मात्र तिचे बेणे उगवायलाच 2 ते 4 आठवडे लागतात आणि पानांची सावली वाफ्यावर धरायला आणखी दोन-अडीच महिने जातात. हाच काळ पावसाच्या जोराचा असतो. काळी माती भिजली की कित्येक दिवस वापसा (मशागतीजोगा ओलावा) येत नाही, डवरा (बैलाने ओढायचे तण काढण्याचे अवजार) चालत नाही, निंदणाला बाया उतरू शकत नाहीत आणि तण मात्र वाढतच राहते. याउलट रताळ्याचे वेल 6 ते 8 आठवड्यांत वरंबा झाकतात.

वावरात लव्हाळा असेल, तर मी रताळ्याच्या बाजूने आहे, कारण लव्हाळ्याला भरपूर ऊन लागते आणि दाट वेलांखाली तो खुरटतो. तरीही मे महिन्याच्या कडक उन्हात खोल नांगरट करून त्याच्या गाठी वर आणून वाळवल्याशिवाय लागवड करू नये. त्याचे टोकदार कोंब प्लास्टिकचे आच्छादन फोडतात, तसेच वाढत्या रताळ्यातही शिरतात.

केना असेल, तर निवड उलटते. त्याला ओल आणि सावली दोन्ही मानवतात, तुटलेल्या पेरांना मुळे फुटतात आणि जमिनीखालच्या फुलांतही बी धरते. रताळ्याच्या वेलांत तो गुंतला, की उपटताना वेलही तुटतात. हळदीच्या ओळींत मात्र माणूस शिरू शकतो. हळदीला लागवडीनंतर लगेच हेक्टरी 12 ते 15 टन हिरव्या पाल्याचे आच्छादन सुचवले जाते. तेवढा पाला आपल्याकडे मिळणे कठीण असल्याने सोयाबीनचे कुटार किंवा धानाची तणस वापरावी.

पावसाळ्यात मजुरांची खात्रीच नसेल, तर रताळे ऑक्टोबरच्या सुरुवातीला लावावे. तेव्हा वापसा असतो, चंदनबटव्यासारखे तण सहज उपटता येते आणि महाशिवरात्रीच्या बाजारासाठी माल तयार होतो.