ओला फडका मीच पिळून दिला होता

कोथरूडमधील आमची १९९८ सालची सदनिका विकताना माझे १,३२,१६० रुपये गेले. ओटीपी मागून किंवा लिंक पाठवून ते कोणी नेले नाहीत. आमच्याच बैठकीत बसून, चहा घेऊन, पावती फाडून नेले. एकतीस वर्षे लेखा विभागात मी दुसऱ्यांची बिले तपासत होतो, त्यामुळे हे लिहिताना मान खाली जाते. तरीही लिहितो, कारण घर विकणारा माणूस अशा गोष्टी चारचौघांत बोलत नाही आणि या मंडळींचा सारा धंदा त्या न बोलण्यावर चालतो.

सौदा ८४ लाखांना ठरला होता. खरेदीदाराने १ लाख टोकन दिले होते आणि बाकी रकमेपैकी ६० लाखांचे कर्ज तो काढणार होता. मी स्वतः नाशिकला मुलीच्या जवळ घर पाहून तिथे २ लाख विसार देऊन बसलो होतो आणि त्या साठेखताची मुदत ४५ दिवसांची होती. ही सगळी परिस्थिती एजंटला पुरती ठाऊक होती. तो म्हणाला, "काका, बँकेचा व्हॅल्युअर यायच्या आधी घराची एकदा तपासणी करून घ्या. ओल दिसली की तो रिपोर्टात लिहितो आणि मग लोन अडकते." ओळखीचा माणूस आहे, बँकेच्या पॅनेलवरच्या लोकांबरोबर काम करतो, असे सांगून त्याने नंबर दिला. बँकेचा व्हॅल्युअर, म्हणजे कर्जासाठी घराची किंमत ठरवणारा माणूस, बँकच नेमते, त्याचे शुल्क कर्जदार बँकेकडे भरतो आणि विकणाऱ्याने त्यात एक रुपयाही द्यायचा नसतो, हे मला माहीत नव्हते असे म्हणायची सोय नाही, कारण हे घर मीही कर्ज काढूनच घेतले होते.

माणूस एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात आला. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब आणि वागण्यात कमालीची अदब. तपासणीचे २,००० आणि जीएसटी ३६० असे २,३६० रुपये त्याने आधीच घेतले. पाऊण तास त्याने नळ सोडून पाहिले, बटणे दाबली, खिडक्यांच्या सरकत्या काचा पुढेमागे केल्या, "घर छान ठेवलंय काका" असे दोनदा म्हणाला आणि मग झोपायच्या खोलीतील पश्चिमेच्या भिंतीपाशी थांबला. तिथे त्याने ओल मोजण्याचे यंत्र काढले. टीव्हीच्या रिमोटएवढे यंत्र, टोकाला दोन सुया. "भिंतीवर धूळ आहे, सुया नीट टेकत नाहीत, एक ओला फडका मिळेल का?" असे त्याने विचारले. मी स्वयंपाकघरात गेलो, ओट्यावरचा फडका नळाखाली धरला, पिळला आणि त्याच्या हातात दिला. त्याने स्कर्टिंगच्या वर वीतभर जागा पुसली, मला इमारतीच्या वयाविषयी दोन प्रश्न विचारले आणि त्याच जागी सुया टेकवल्या. यंत्र किंचाळले, लाल दिवा लागला आणि ३८ आकडा आला. शेजारच्या, न पुसलेल्या भिंतीवर ९ आला. "बघा," तो हळू आवाजात म्हणाला.

तो फडका अजून घरात आहे. मी तो टाकू देत नाही आणि सौ.ला त्याचा राग येतो. एप्रिल महिना, चार महिन्यांत पावसाचा थेंब नाही, दुपारभर उन्हाने भाजणारी पश्चिमेची भिंत, आणि ती तळाशी ओली कशी, हा प्रश्न शाळकरी पोरालाही पडला असता. माझ्या बाजूने एवढेच सांगतो, की रक्त घेण्यापूर्वी दवाखान्यात दंड पुसतात, तसेच हे असेल असे मला त्या क्षणी खरोखर वाटले. नंतर समजले, की दोन सुयांची ही यंत्रे मुख्यतः लाकडाची ओल मोजण्यासाठी आखलेली असतात. गिलाव्यावर त्यांचा आकडा फार तर दोन जागांची तुलना करण्यापुरता उपयोगी पडतो. त्यातून एक जागा नुकती पुसलेली असेल तर बोलणेच खुंटले. कोणी भिंत तपासायला आला तर भिंतीला पाण्याचा हात लागू देऊ नये.

पुढचे जाळे त्याने अर्धसत्यांनी विणले. पंधरा ते तीस वर्षे वयाच्या इमारतीचे संरचनात्मक परीक्षण पाच वर्षांतून एकदा आणि त्याहून जुन्या इमारतीचे तीन वर्षांतून एकदा करावे, असे गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत आहे. ते त्याने मला वाचून दाखवले. ते परीक्षण संपूर्ण इमारतीचे असते आणि संस्थेने करायचे असते, हे त्याने गाळले. बाहेरून झिरपणाऱ्या पावसाच्या पाण्याची दुरुस्तीही संस्थेच्याच खर्चात मोडते. म्हणजे ओल खरी असती तरी मी सचिवांना एक पत्र देण्याव्यतिरिक्त काही करायचे नव्हते. पण पत्र दिले असते तर बातमी जिन्यातून खरेदीदारापर्यंत गेली असती, या भीतीने मी गप्प राहिलो. "सोसायटीत बोलू नका काका, तुमचंच नुकसान होईल," असे त्याने सांगितले होते आणि मला ते आपुलकीचे वाटले होते.

भिंतीच्या दुरुस्तीचा १,४२,००० चा अंदाज घासाघीस करून १,१८,००० वर आणल्याचा मला आनंद झाला, हेही कबूल करतो. ७०,००० आधी दिले, ४८,००० काम संपल्यावर. दोन पोरे आली, त्यांनी भिंतीला रांगेने भोके पाडली, विनालेबल डब्यातील पांढरट द्रव पंपाने आत सोडला, गिलावा फोडून नवा केला, चौथ्या दिवशी पुट्टी भरली आणि सहाव्या दिवशी रंग दिला. शेवटी "बँकेला दाखवायचे" प्रमाणपत्र म्हणून आणखी ११,८०० घेतले. बिलावरील जीएसटी क्रमांक २४ ने सुरू होत होता. पहिले दोन अंक राज्याचे असतात, महाराष्ट्राचे २७ आणि गुजरातचे २४. पत्ता मात्र पुण्याचा छापला होता. नोकरीत असे बिल समोर आले असते तर मी ते लाल शेरा मारून परत पाठवले असते. जीएसटीच्या संकेतस्थळावर क्रमांक टाकला की नाव दिसते; मी तो टाकला, पण पैसे गेल्यावर. निघाला हार्डवेअरच्या एका दुकानाचा.

बँकेचा खरा व्हॅल्युअर मे महिन्यात आला आणि बारा मिनिटांत गेला. त्याने लेझरने खोल्या मोजल्या, दाराचे आणि वीजमीटरचे फोटो काढले, मंजूर नकाशा आणि भोगवटा पत्र मागितले. प्रमाणपत्र मी पुढे केले तेव्हा त्याने ते हातातही घेतले नाही. त्याने टिपले ते वेगळेच, आम्ही २००६ साली ड्राय बाल्कनी आत घेऊन स्वयंपाकघर मोठे केले होते ते. मंजूर नकाशात नसलेले क्षेत्र त्याने मूल्यांकनात धरले नाही. घर विकण्यापूर्वी तयारी करायची तर ती या कागदांची करावी: मंजूर नकाशा, भोगवटा पत्र, इंडेक्स टू (खरेदीच्या नोंदणीचा उतारा), भागपत्र (संस्थेचे शेअर सर्टिफिकेट), मालमत्ता कराची पावती आणि संस्थेचा थकबाकी नसल्याचा दाखला. माझा नकाशा माळ्यावर ट्रंकेत होता आणि मी तो त्या दिवशी घाईने शोधत होतो.

त्यानंतर आठवड्याभरात नव्या रंगाला फुगे आले, कारण गिलावा वाळायच्या आत त्यावर रंग चढवला होता. खरेदीदार पडदे मोजायला आला, फुग्यावर नख लावले आणि विचारले, "इथंच का दुरुस्ती केली होती?" खरे सांगितले तर मूर्ख ठरतो आणि न सांगितले तर लबाड, अशा अवस्थेत मी १,२५,००० रुपये किंमत उतरवली. ही रक्कम वरच्या हिशेबात धरलेली नाही. संस्थेतील एका निवृत्त अभियंत्याने त्याच भिंतीच्या न फोडलेल्या भागावर प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून रात्रभर ठेवायला सांगितले. आतून पाणी येत असेल तर प्लॅस्टिकच्या मागे ते साठते. सकाळी मागची बाजू कोरडी होती. खर्च चिकटपट्टीचा.

पोलीस चौकीत मला आधी विचारण्यात आले, की काम झाले ना? झाले होते. पैसे स्वखुशीने दिले ना? दिले होते. "मग ही दिवाणी बाब आहे, काका." खोटे ओळखपत्र आणि दुसऱ्याचा जीएसटी क्रमांक दाखवून पैसे घेणे दिवाणी कसे, भारतीय न्याय संहितेचे फसवणुकीचे कलम ३१८ मग कशासाठी आहे, असे मी विचारले, तेव्हा साहेब जेवायला गेले आहेत असे उत्तर मिळाले. तीन फेऱ्यांनंतर साधा अर्ज घेऊन पोच दिली. गुन्हा नोंदवला नाही. सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत क्रमांकावर फोन केला, तर हा ऑनलाइन प्रकार नाही म्हणाले. माझ्या बँकेने सांगितले, की व्यवहार मीच मंजूर केला आहे. जीएसटीविषयीची तक्रार मी लेखी दिली, तिचा क्रमांक मिळाला आणि त्यापुढे काहीही मिळाले नाही. संस्थेच्या अध्यक्षांनी मात्र तत्काळ दखल घेतली, ती अशी की परवानगीशिवाय भिंतीला भोके पाडल्याबद्दल मला खुलासा मागितला. एजंट आजही त्याच टपरीशेजारी बसतो आणि "मी फक्त नंबर दिला होता" एवढेच म्हणतो; त्याने दलाली पूर्ण घेतली.

जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क लागत नाही, एवढी एक गोष्ट सांगण्याजोगी घडली. पाठवलेली नोटीस "या पत्त्यावर अशी व्यक्ती राहत नाही" या पोस्टाच्या शेऱ्यासह परत आली आहे आणि पुढच्या तारखेपर्यंत त्या माणसाचा खरा पत्ता मीच शोधून द्यायचा आहे. पुण्यात अन्य कोणाकडे भिंत तपासण्यापूर्वी ओला फडका मागितला गेला असेल, तर त्यांनी लाज बाजूला ठेवून पावती आणि यूपीआयचा व्यवहार क्रमांक जपून ठेवावा आणि स्वतःची तक्रार नोंदवावी. एकट्या अर्जाला चौकीत काय किंमत असते ते मी पाहिले आहे.